तांबडीच्या खाली गेलेलं पाणी

दर सोमवारी रूपला राठोड वाट वाकडी करून दौलतरावांच्या कोरड्या विहिरीवर जाई. काठावर उभा राही, वाकून आत बघे, आणि चाळीस फूट खाली तळात रुतलेली आपली पहार जागच्या जागी आहे ना, एवढं पाहून परत फिरे. लोक महादेवाला जातात तसा तो त्या विहिरीला जाई. पहार दिसली की अंगात तरतरी येई. पुढचे चार दिवस भाकरी गोड लागे.

पावसाळ्याचे दिवस सोडले तर हे सहा वर्षं चाललं होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून एकोणऐंशीच्या शिमग्यापर्यंत.

रूपला किन्हीराजा गावाच्या अलीकडच्या बंजारा तांड्यातला. उंचापुरा, हाडापेराने मजबूत, आणि मिशा अशा की ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराने उसन्या मागाव्यात. धंदा विहिरी खोदण्याचा. त्या काळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि कामरगावापासून जऊळक्यापर्यंत ज्याला विहीर पाडायची असेल तो आधी रूपलाच्या बापाला निरोप धाडी. बापाने मुलाला एकच विद्या दिली, फत्तर ऐकायची. पहारीचं टोक दगडावर आपटायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर तो काळा पाषाण. त्यात पाणी नाही, नुसता घाम आहे. बद्द वाजला तर मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला दगड. तिथे आशा आहे. आणि आवाजच आला नाही, पहार आपली मुकाट्याने आत शिरली, तर समजायचं की तांबडी लागली.

तांबडी म्हणजे दोन काळ्या दगडांच्या मध्ये निजलेला, हातभर जाडीचा लाल मातीचा थर. भट्टीतून काढलेल्या विटेच्या रंगाचा. वरच्या फटींमधून झिरपत आलेलं पाणी तिच्यावर येऊन थांबतं, कारण ती त्याला खाली जाऊ देत नाही. म्हणून तांबडी लागली की खोदणाऱ्याने हात आवरायचा आणि बाजूंना आडवी भोकं मारून पाणी बोलावून घ्यायचं.

"तांबडी म्हंजे ताटाचा तळ," बाप सांगे. "तळाले भोक पाडून कोनी वरन वाढते काय बे?"

दुसरी एक रीत होती, पहिल्या तांब्याची. विहिरीला पाणी लागलं की मालकाने तांब्या भरायचा आणि सगळ्या गावादेखत खोदणाऱ्याच्या हातात द्यायचा. तो पहिला पिणार. मग मालक, मग गाव. मजुरी कधी पुढेमागे होई, पण तो तांब्या चुकत नसे. नटाला शेवटच्या पडद्यानंतर मिळणारी टाळी आणि विहीरवाल्याला मिळणारा पहिला तांब्या, दोन्हींची चव सारखीच असावी.

त्र्याहत्तर साली रूपलाचा तो तांब्या हुकला. आणि तो हुकवला दौलतरावांनी.

दौलतराव गावातले मोठे शेतकरी. पांढरंशुभ्र धोतर, धारदार आवाज, आणि चार माणसं जमली की अंगात येणारा स्वभाव. बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नाले हाडांसारखे पांढरे पडले. तेव्हा दौलतरावांनी गाव आणि तांडा यांच्या मधल्या पडीत सगळ्यांसाठी विहीर खणायला घेतली. पाण्याच्या आधी काठावर शिळा उभी केली आणि तिच्यावर आपल्या आईचं नाव कोरलं, प्रयागबाई. हेतू चांगलाच होता, हे रूपलाही कधी नाकारत नसे. खोदायला त्यांनी त्यालाच बोलावलं. चाळीस फुटांवर तांबडी लागली, आणि तिच्यावर गुडघाभर पाणी उभं राहिलं. दुष्काळातलं गुडघाभर! काठावरच्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या.

पण दौलतरावांना ते पुरेना. दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे यायचे होते, हार-तुरे व्हायचे होते.

"पानी उपसा अन् एक बार अजून लावा," ते काठावरून म्हणाले.

"नाई मालक," रूपला तळातून म्हणाला. "तांबडी हाय. फुटली का सारं खाली जाईन."

"इहीर तुह्या बापाची हाय काय बे, रूपल्या?"

"इहीर तुमची. इद्या बापाची हाय."

काठावरची माणसं हसली. हसली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दौलतरावांचा चेहरा तांबडीपेक्षा लाल झाला. त्यांनी रूपलाला वर काढलं, दुसऱ्या गड्याकडून तळात सुरुंगाचं भोक पाडून घेतलं, आणि "मायच्या नावाचा शेवटचा बार म्या सोता लावतो" असं गर्जून यारीच्या, म्हणजे दोराने माती वर ओढायच्या चाकाच्या, टोपल्यात बसले. खाली उतरले, वात पेटवली, झपाट्याने वर आले. बार उडाला. टाळ्या पडल्या.

सकाळी विहिरीत थेंब नव्हता. तांबडीला हातभर रुंदीचं भोक पडलं होतं, आणि त्यातून जमिनीने घोट घ्यावा तसा आवाज येत होता.

पाहुणे यायला दोन तास होते. दौलतरावांनी त्या दोन तासांत गोष्ट फिरवली. शिळेपाशी उभं राहून, हात उंचावून ते ओरडले, "यानं मंतर घालून पानी बांधलं! मी याले गप केलं त्याचा राग यानं पान्यावर काढला! काल होतं का नाई गुडघाभर? होतं! मंग गेलं कोठी?"

तहानेने भ्यालेलं गाव कशावरही विश्वास ठेवतं. रूपलाने तोंड उघडलं, पण त्याच्या आवाजाला दौलतरावांच्या आवाजाचा टप्पा नव्हता. दौलतरावांनी त्याच्या खांद्यावरची पहार हिसकली आणि विहिरीत भिरकावली. ती सरळ खाली गेली आणि त्या भोकातच उभी रुतली.

त्या दिवसापासून त्याचं नाव पाणीखाऊ पडलं. पुढे एकाही माणसाने त्याला विहिरीवर बोलावलं नाही. फत्तर ऐकणारा माणूस जऊळक्याला स्टेशनाबाहेर रुळाखाली टाकायची खडी फोडू लागला.

आता जे सांगायचं, ते रूपलाने जिवाभावाच्या माणसालाही सांगितलं नव्हतं. ते भोक बुजवता येण्यासारखं होतं.

त्याला हे तिसऱ्याच दिवशी कळलं. मोगरीने कुटलेली गाळाची चिकणमाती, चुना, आणि वरून दगडाची पाचर. थरावर थर ठोकत आणायचं, मध्ये हवा राहू द्यायची नाही. बापाने कामरगावाकडे एका विहिरीत असं केलेलं त्याने पाहिलं होतं. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. पुढच्या पावसाळ्याने विहीर भरली असती आणि शिमग्यापर्यंत टिकली असती.

तो बोलला नाही. विहीर दर पावसाळ्यात भरे आणि दिवाळीच्या आधी खडखडीत होई. शिळेवरच्या प्रयागबाईंच्या नावावर कावळे बसत. दौलतराव त्या बाजूची वाट टाळू लागले. परगावचा सोयरा आला आणि त्याने "हे कोनाची इहीर?" असं विचारलं की दौलतराव पान थुंकायला बाजूला जात. हे सगळं रूपला साठवत होता. ज्या तोंडाने मला चोर केलं, त्या तोंडाने एक दिवस कबूल कर, तोपर्यंत तुझ्या आईच्या नावाला थेंब मिळणार नाही, असं त्याचं मनातलं भाषण होतं. एकटा खडी फोडताना तो ते घणाच्या तालावर म्हणे. दगड फुटे तेव्हा दौलतरावांचं डोकं डोळ्यांसमोर असे.

त्या भाषणात एक पात्र येत नसे, त्याची बायको हिरीबाई.

हिरीबाई दीड कोसावरच्या झऱ्यावरून पाणी आणी. सकाळी एक खेप, दुपारून एक. डोक्यावर दोन घागरी. येताना त्या कोरड्या विहिरीच्या काठावर घागरी टेकवून दम खाई, कारण वाटेत तेवढीच एक उंच जागा होती. चुंबळीखालचे केस झिजून डोक्याच्या मध्यावर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. ती चूल फुंकायला वाकली की ती जागा रूपलाला दिसे. मग तो बाहेर बिडी ओढायला जाई.

एकोणऐंशीच्या शिमग्यानंतर तांड्यावर एक जीप आली. त्यातून कारंज्याचा जिनदास उतरला. घरचं कापडाचं दुकान सोडून नागपूरला दगडांचं शास्त्र शिकलेला हा तिशीचा माणूस भूजल खात्यात लागला होता. त्याच्या हातात चिमुकला हातोडा आणि गळ्यात भिंग होतं. त्याला तांबडी हवी होती. जिथे जिथे ती विहिरीत दिसते तिथे उतरून मापं घ्यायची होती. गावात त्याने विचारलं, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "मंग तुमाले पानीखाऊच पायजे."

आठ दिवस दोघं विहिरींमधून हिंडले. सहा वर्षांनी रूपलाला कुणीतरी फत्तराबद्दल विचारत होतं. जिनदास त्याला रूपलाभाऊ म्हणे. एका विहिरीत तांबडीच्या खालच्या फिक्या थरात जिनदासने नखाएवढे पांढरे शंख दाखवले. तळ्यातल्या गोगलगायींचे, दगड झालेले.

नवव्या दिवशी, दुपारी, दोघं दौलतरावांच्या विहिरीत उतरले. वरून दोराची शिडी सोडली होती. खाली गार होतं. पहार गंजून तांबडीच्याच रंगाची झाली होती. रूपलाने तिला हात लावला नाही.

जिनदास भिंतीवरून हात फिरवत होता. "हा खालचा काळा थर पाहिलात? हा वाहत आलेला विस्तव आहे, रूपलाभाऊ. डोंगर फुटला नाही. जमीनच उसवली, लांबच लांब. आणि त्या फटींतून वितळलेला दगड कोसच्या कोस पसरला. मग थंड झाला. मग हजारो वर्षं काहीच नाही. ऊन, पाऊस. दगडाचं वरचं अंग कुजलं, त्याची माती झाली. गवत आलं, तळी साचली, ते तुमचे शंख तिथे राहिले."

"अन् मंग?"

"मग दुसरा लोंढा आला. त्याने ती माती वरून भाजून काढली. तीच ही तांबडी. असं एकदा नाही, कितीतरी वेळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

रूपलाने कोटीचा हिशेब सोडून दिला. "मंग तळ्यातले जीव भाजूनच मेले म्हना."

"इथले भाजून. पण दूरदूरचेही मेले असावेत, ते हवेने." जिनदास उकिडवा बसला. बोलायला लागला की तो दुकानदाराचा मुलगा शोभे, थानामागून थान उलगडत जाई. "विस्तवाबरोबर जमिनीच्या पोटातला वायू बाहेर पडला. आधी गंधकाचा धूर. त्याने सूर्य झाकला, काही वर्षं गारठा पडला असेल. तो धूर खाली बसला. पण दुसरा एक वायू वरच राहिला, चुलीतून जो निघतो तोच. तो गोधडीसारखा. आलेली ऊब परत जाऊ देत नाही. हजारो वर्षं सगळी पृथ्वी तापत राहिली. आमच्यातले काही जण हे आत्ता आत्ता म्हणायला लागलेत. सगळ्यांना पटलेलं नाही."

"मंग गार कशी झाली?"

"ह्या दगडानेच केली." जिनदासने काळ्या थरावर थाप मारली. "पाऊस तो वायू पोटात घेऊन पडतो, किंचित आंबट होतो, आणि दगड चाटतो. दगड झिजतो, वायू त्यात बांधला जातो, नद्या त्याला समुद्रात नेतात, आणि तिथे तळाला त्याचा चुना होऊन बसतो. एकेक थेंबाने. लाखो वर्षं. जेवढं ओकलं होतं, त्यातलं पुष्कळसं हळूहळू परत घेतलं."

रूपलाने त्या काळ्या थरावर तळहात टेकवला. त्याने कधी फत्तराची गोष्ट अशी ऐकली नव्हती, आणि तरी ती त्याला ओळखीची वाटली. त्याच्या मिशा हलल्या.

"म्हंजे ज्या फत्तरानं जगाची हवा बिघडवली, त्याच फत्तराकून जगानं वसूल केली. लाखो वर्षं वाट पाहून. लय सबुरीचा सूड हाय हा, साहेब."

"सूड कसला? फेड म्हणा."

"मले दोन्ही सारखंच दिसते."

जिनदास हसला आणि मग त्याचं लक्ष पहारीकडे गेलं. "हे भोक कुणी पाडलं? अरे, म्हणून ही विहीर कोरडी! पण हे तर बुजवता येईल, नाही का? बूच मारलं की झालं."

आणि इथे रूपलाने अशी चूक केली, जी विहिरीत जन्म काढलेल्या माणसाने करायला नको होती. विहीर म्हणजे उभं केलेलं नाट्यगृह. तळात कुजबुजलेला शब्द काठावर जसाच्या तसा निघतो, हे तो स्वतः नव्या गड्यांना बजावत असे, की खाली मालकाला शिव्या देऊ नका. पण सहा वर्षं पोटात दाबलेलं ते भाषण, आणि आज समोर पहिलाच जाणता श्रोता.

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला. आवाज चढत गेला. "सहा वर्षांपासून ठाऊक हाय! दोन दिवसांचं काम. चिकनमाती अन् चुना. पन मी सांगतलं नाई. कायले सांगू? मले चोर केलं त्यानं! मनलं, राह्य कोरडा. त्याच्या मायच्या नावावर कावळे हागून राह्यले अन् मी दर सोमवारी येऊन पाहून राह्यलो. तुमच्या फत्तरासारखा बसलो साहेब, सबुरीनं!"

वर काहीतरी वाजलं. भरली घागर दगडावर आपटावी तसं.

रूपलाने मान वर केली. आभाळाच्या गोल तुकड्याला कडेकडेने डोकी लागली होती. सरकारी जीप पाहायला जमलेलं गाव. पांढऱ्या पागोट्यातले दौलतराव. त्यांच्या शेजारी काठीवर वाकलेल्या प्रयागबाई. आणि अगदी पुढे, झऱ्यावरून परतलेली हिरीबाई.

ती घरात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोले. फार रागावली की मुद्दाम वऱ्हाडीत बोले, म्हणजे सगळ्यांना कळावं.

"तुले ठाऊक होतं?"

रूपलाने नजर पहारीकडे वळवली.

"दीड कोस जाते मी. दीड कोस येते. दिसाच्या दोन खेपा. सहा वर्षं. अन् तुले ठाऊक होतं?"

"हिरे, आईक..."

"तू त्याच्यावर सूड घेत होता का माह्यावर? सांग ना! थो तर घरी हंड्यानं आंघोळ करत होता, त्याची बैलगाडी पिपं आनते. कोरडं कोन होतं रे? मी होती! तुह्या सुडाचं वझं मी डोक्स्यावर वाह्यलं!"

दौलतरावांना सहा वर्षांत असं आयतं टाळीचं वाक्य मिळालं नव्हतं. ते पुढे सरसावले. "आईकलं का सारायनं? मी मनत नव्हतो? यानंच पानी बांधलं! सोताच्या तोंडानं कबूल..."

"एक विचारू का?" खालून जिनदासचा सौम्य आवाज आला, आणि विहिरीने तो मोठा करून वर पोचवला. "हे भोक सुरुंगाचं आहे. पाणी बांधण्याचा प्रश्न येत नाही, ते ह्यातून निघून गेलं. हा सुरुंग कुणी लावला?"

काठावरच्या माना दौलतरावांकडे फिरल्या. हिरीबाई सावकाश वळली.

"सांगा ना मालक. वात कोनं पेटवली होती? मायच्या नावाचा शेवटचा बार कोनाचा होता?"

दौलतरावांनी गर्दीकडे पाहिलं. ही त्यांचीच गर्दी होती, त्यांच्याच टाळ्यांवर वाढलेली. आज तिने हात बांधले होते.

मग प्रयागबाईंची काठी वाजली. म्हातारी ऐंशीच्या घरातली, पण शब्द तुटका नव्हता. "दौलत."

"माय, तू यात..."

"माह्या नावाच्या इहिरीत सहा वर्षं पाली अंडे घालून राह्यल्या. लोकं मनतात म्हातारीचं नाव वांझ हाय. मी समजत होती का देवाची मर्जी. ही तुही मर्जी होती काय रे?" तिने काठीने खाली दाखवलं. "उतर."

"माय, मी गडी पाठवतो चार..."

"बार लावाले गडी पाठवला होता? सोता गेला होता ना टोपल्यात बसून? तसाच उतर."

जिनदासला आधी वर घेतलं. रूपलाने शिडीला हात घातला, तेव्हा हिरीबाईने ती वर ओढून घेतली.

"साहेबाचं काम झालं," ती म्हणाली. "तुहं बाकी हाय."

थोड्या वेळाने टोपल्यातून दौलतराव खाली उतरले. धोतराचा सोगा खोचलेला, चेहरा राखेचा. सहा वर्षांत दोघं एवढे जवळ कधी उभे राहिले नव्हते. गोल जागा, जेमतेम पंधरा फूट रुंद. पळायला विंग नाही.

"हस," दौलतराव म्हणाले. "हस ना आता."

"हसाले तोंड उरलं काय माहं?" रूपला म्हणाला. "पहार काढा मालक. तुमीच टाकली."

दौलतरावांनी पहारीला मिठी मारली आणि उपटायला लागले. ती हलेना. रूपला छातीवर हात बांधून पाहत राहिला, पुरतं पाहून घेतलं, आणि मग हात लावला. पहार निघाली.

वरून मातीची टोपली येऊ लागली. बायका माती मळत, चुना घालत, हिरीबाई दोर सोडी. प्रत्येक टोपलीबरोबर वरून काहीतरी ऐकू येई.

"पाय जोरानं मारा दोघंही! लग्नात नाचता तवा कसे मारता!"

"मालक, धोतराले डाग लागला, पाहुने काय मनतीन!"

दोन दिवस हे चाललं. रूपला ठोकी, दौलतराव माती भरत. दौलतरावांच्या तळहातांना फोड आले, फुटले. रूपला मोजून ठोके देई आणि प्रत्येक ठोक्याला एक जुना शब्द परत करी. हा चोर म्हनल्याचा. हा पहार फेकल्याचा. हा पानीखाऊचा. दौलतराव पहिल्या दिवशी प्रत्येक शब्दाला उलट शिवी देत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शिव्या देणं सोडलं. रूपलाला तेही आवडलं नाही.

शेवटचा थर उरला. सगळ्यात महत्त्वाचा तोच. कडेला बोटभर फट सोडली, वरून लिंपून टाकली, तर कुणाला कळणार नव्हतं. दिवाळीला विहीर पुन्हा कोरडी पडली असती. दौलतरावांचे फोड फुकट गेले असते. गाव म्हणालं असतं, पापी हाताला पाणी थांबत नाही. आणि ह्या वेळी रूपला सगळ्यांसमोर तळात राबलेला, त्याच्याकडे बोट नाही. सहा वर्षांत त्याला सुचला नव्हता असा सुंदर सूड त्याच्या हाताशी आला होता. पहार उचललेली तशीच राहिली.

वर हिरीबाई टोपली उचलायला काठावर वाकली. पदर घसरला. उन्हाचा कवडसा तिच्या डोक्याच्या मध्यावर पडला, आणि खालून, चाळीस फुटांवरून, रूपलाला ती रुपयाएवढी जागा लख्ख दिसली. इथे बिडी ओढायला जायला बाहेर नव्हतं.

त्याने पहार फट राहिली असती तिथेच घातली. ठोकत राहिला. थर विटेसारखा वाजेपर्यंत, मग वाजायचा थांबेपर्यंत.

"पुरे झालं ना बे," दौलतराव धापा टाकत म्हणाले.

"तुमाले पुरे कवा कळलं आजवर?" रूपला म्हणाला, आणि आणखी वीस ठोके घातले. तेवढे वीस मात्र निव्वळ दौलतरावांसाठी होते.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. विहिरीत पुरुषभर पाणी होतं. मार्गशीर्षात ते बोटभरही उतरलं नाही, तेव्हा प्रयागबाईंनी गाव आणि तांडा दोन्हींना काठावर बोलावलं.

दौलतरावांनी तांब्या भरला. शिळेपाशी उभे राहिले. आवाज धारेचा होता, तो आज बोथट निघाला. "पानी यानं नव्हतं बांधलं. पानी म्या घालवलं होतं. वात माही होती. मी खोटं बोललो." आणि त्यांनी तांब्या पुढे केला.

रूपला त्या एका वाक्यासाठी सहा वर्षं जगला होता. त्याने तांब्या घेतला. थंड पितळ. ओठांपाशी नेला.

हिरीबाईने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

ती पहिलं पाणी प्याली, सगळ्यांदेखत, घटाघटा. उरलेलं ओंजळीत घेऊन डोक्याच्या मध्यावर थापलं. मग काठावरच्या दोन घागरी उचलून नवऱ्याच्या पायांशी ठेवल्या, आणि त्यांवर आपली झिजलेली चुंबळ ठेवली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "दिसाच्या दोन खेपा. मंग पाहू पहिल्या तांब्याचं."

तांडा हसून लोटपोट झाला. रूपलाने मिशांवर हात फिरवला, इकडे तिकडे पाहिलं, आणि वाकून चुंबळ डोक्यावर बसवली.

त्याच महिन्यात जिनदास मापं घ्यायला परत आला, तेव्हा त्याला वाटेत घागरी वाहणारा रूपला भेटला. जीप थांबवून तो बघतच राहिला.

"हे काय, रूपलाभाऊ?"

"फेड चालू हाय, साहेब," रूपला मान न हलवता म्हणाला, कारण वर पाणी होतं. "तुमच्या फत्तराले लाखो वर्षं लागले. माह्याले सहाच मनते ती. सस्त्यात सुटलो."

"आणि दौलतराव?"

रूपलाच्या मिशा हलल्या. विहिरीपासून तांड्याची सरळ वाट पाचशे पावलांची. पण तो दर खेपेला गावातून वळसा घालून, दौलतरावांच्या ओट्यासमोरून जाई. दौलतराव सुपारी कातरत बसलेले असत. रूपला बरोबर समोर थांबे, घागरींमधलं पाणी थोडं हिंदकळू देई, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "मालक! पानी हाय बरं का अजून!"

दौलतराव सुपारीवरून नजर काढत नसत. रोज दोनदा.

"वळसा कायले घालतो रे?" एकदा हिरीबाईने दारातून विचारलं. "पाय दुखत नाईत काय?"

"दुखतात ना," रूपला घागर उतरवत म्हणाला.

"मंग?"

तो मिशीतल्या मिशीत हसला. तिने दुसरी रिकामी घागर त्याच्यापुढे सरकवली आणि आत निघून गेली.